शास्त्राचे संशोधन आणि शास्त्राचा अधिकार

ज्याने उपदेश घेतलेला नाही, ज्याच्या मनात अनुसरणाचा संकल्प नाही, अशा पुरुषाच्या हाती परमेश्वराच्या वचनांची पोथी द्यावी की देऊ नये, हा प्रश्न महानुभाव पंथात नवा नाही. पूर्वी तो क्वचित एखाद्या मठात, एखाद्या जिज्ञासू पाहुण्याच्या निमित्ताने उठत असे आणि महंतांच्या एका शब्दाने मिटत असे. आज त्याचे स्वरूप पालटले आहे. दि. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या मागणीमागे ज्या प्राचीन ग्रंथांचे बळ उभे होते, त्यांत पंथाचे गद्य अग्रभागी होते. जेथे श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्य झाले आणि जेथील वाजेश्वरीत म्हाइंभटांनी लीळा लिहून काढल्या, त्या श्रीक्षेत्र ऋद्धिपुरी राज्य शासनाने मराठी भाषा विद्यापीठ स्थापिले असून २०२४ मध्ये त्यास पहिले कुलगुरू लाभले. आता भाषा, संस्कृती आणि वारसा यांचे अभ्यासक पोथ्या पाहू इच्छितात, त्यांच्या प्रतिमा संगणकात साठवू इच्छितात, आणि पंथातील तरुण साधकही विद्यापीठीय पदवीकडे वळू लागले आहेत. यास्तव ‘पोथीचे बासन सोडावे काय?’ हा प्रश्न आता एकेका मठापुरता राहिलेला नसून साऱ्या पंथाच्या विवेकाचा झाला आहे. त्याचा निर्णय केवळ भिडेने अथवा केवळ भीतीने होऊ नये, एवढ्यासाठी दोन्ही पक्ष नीट मांडून पाहणे आवश्यक आहे.

पूर्वपक्ष

पोथी देऊ नये असे म्हणणाऱ्यांचा पक्ष दुबळा नाही. त्यांचे पहिले म्हणणे असे की, शास्त्र हे कागदावर वाचून घ्यावयाची वस्तू नव्हे. ते अधिकरणाच्या मुखातून श्रवण करावयाचे असते. ज्याच्या ठायी योग्यता नाही त्यास शब्द मिळतील, परंतु त्या शब्दांपासून बोध होणार नाही. बोधावाचून मिळालेला शब्द अहंकारास कारण होतो, आणि अहंकार हे जीवाच्या बंधनाचे मोठे निमित्त होय.

दुसरे म्हणणे लिपीविषयी आहे. सुमारे शके १२७५ मध्ये, म्हणजे इ. स. १३५३ च्या सुमारास, रवळोबासांनी सकळ लिपी सिद्ध केली असे परंपरा मानते. पुढे सुंदरी प्रभृति अन्य लिप्याही झाल्या. पूर्वाचार्यांनी अक्षरांची अदलाबदल करून शास्त्राभोवती कुंपण घातले ते काही निरर्थक नव्हे. ज्यांनी कुंपण घातले त्यांच्यापेक्षा ते मोडणाऱ्यांना अधिक कळते, असे कशावरून मानावे?

तिसरे म्हणणे हृदयाचे आहे. भक्तास लीळा ही स्मरणाची सामग्री आहे. नाम, लीळा, मूर्ति आणि चेष्टा यांच्या स्मरणातच साधकाचा दिवस जावयाचा असतो. ती लीळा संशोधकाच्या मेजावर गेली म्हणजे तेथे तिच्यातील विभक्तिप्रत्यय मोजले जातात, क्रियापदांची रूपे वेगळी काढली जातात, यादवकालीन नाण्यांची आणि अन्नपदार्थांची सूची केली जाते. ज्याच्या चरित्रासाठी ही लीळा आहे त्याच्याविषयी मात्र मौन राहते. याहून कठीण प्रसंगही आला आहे. १९७८ साली डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातील काही लीळांच्या समावेशावरून पंथात तीव्र आक्षेप उठले. ज्यांनी आयुष्यभर त्या चरित्राचे पारायण केले होते त्यांच्या अंतःकरणास लागलेली ठेच ही केवळ भाबडेपणाची होती, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही.

उत्तरपक्ष

आता दुसरी बाजू. पहिला विचार असा की, कुंपण हे शास्त्राचे अंग आहे की शास्त्राच्या रक्षणाचे साधन आहे? श्रीचक्रधरस्वामींनी जीवोद्धारणाचे निरूपण मराठीत केले. ते गावोगावी, देवळांच्या पटिशाळांत, वाटेत, नदीकाठी केले, स्त्रीशूद्रांसमोर केले. पुढे केशिराजबासांसारख्या संस्कृतज्ञ शिष्याच्या मनात ते निरूपण गीर्वाण भाषेत आणावे असे आले, तेव्हा आद्याचार्य श्रीनागदेवाचार्यांनी त्यांस आवरले. कारण एवढेच की, तसे झाल्यास पंथातील साध्यासुध्या म्हाताऱ्या बाया ज्ञानास मुकतील. ही कथा स्मृतिस्थळातून प्रत्येक साधकास परिचित आहे. परंतु तिचा निष्कर्ष पुरेसा लक्षात घेतला जात नाही. आचार्यांपुढे शास्त्राची प्रतिष्ठा वाढविण्याचा एक मार्ग उघडा होता. तो त्यांनी अशासाठी नाकारला की त्याने ऐकणारांची संख्या कमी झाली असती. सकळ लिपी यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने आली. ती वेगळ्या परिस्थितीत, विटंबनेच्या आणि नाशाच्या भयाने आली असेल, तर तिला आपद्धर्म म्हणावे लागेल. आणि आपत्ती सरल्यावर आपद्धर्म नित्यधर्म म्हणून चालविता येत नाही.

दुसरा विचार असा की, गुप्ततेने शास्त्राचे रक्षण झाले तसे पंथाचे झाले नाही. मराठी बोलीत ‘मानभावी’ या शब्दास कोणता अर्थ चिकटला आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. ज्या पंथाने अहिंसा, भिक्षाटन आणि निःसंगता यांचा एवढा कठोर आचार सांगितला, त्या पंथाचेच नाव ढोंगाचा पर्याय व्हावे, ही गोष्ट एका दिवसात घडली नाही. ग्रंथ कोणी वाचू शकत नव्हते. म्हणून ग्रंथांत काय आहे याविषयी ज्याला जे वाटेल ते तो बोलू शकत होता. बंद बासनाभोवती कुतर्क वाढतात, असा हा अनुभव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दोन दशकांत इतिहासाचार्य राजवाडे आणि वि. ल. भावे यांनी सकळ लिपीतील ग्रंथ वाचून त्यांची ओळख महाराष्ट्रास करून दिली. १९२५ मध्ये य. खु. देशपांडे यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ आला. ह. ना. नेने यांनी लीळाचरित्राचे भाग छापले. १९४५ मध्ये कोलते यांचे ‘महानुभाव तत्त्वज्ञान’ निघाले. शं. गो. तुळपुळे यांनी पुणे विद्यापीठात या गद्याच्या अध्ययनाची परंपरा रुजविली. लंडनचे रेसाइड आणि अमेरिकेतील अ‍ॅन फेल्डहाऊस यांनी पाश्चात्त्य विद्यापीठांत या पंथाचा अभ्यास नेला. सूत्रपाठाचा इंग्रजी अनुवाद १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. हे सर्व अभ्यासक पंथाचे अनुसरलेले नव्हते. तरीही जे प्रवाद शतकानुशतके पंथाच्या खंडनमंडनाने पुसले गेले नव्हते, ते ग्रंथ प्रसिद्ध होताच निराधार ठरले. आणि या अभ्यासकांच्या हाती पोथ्या आल्या त्या बहुधा महंतांनीच विश्वासाने दिलेल्या होत्या, हेही विसरता कामा नये. त्या महंतांनी शास्त्रद्रोह केला असे आज कोण म्हणेल?

म्हाइंभटांची कसोटी

तथापि ‘लोकापवाद मिटला’ हे कारण व्यवहाराचे झाले. धर्माचे कारण याहून खोल पाहिजे. ते पंथाच्या पहिल्या ग्रंथाच्या निर्मितीतच सापडते.

स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर सुमारे शके १२०० मध्ये, म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमारास, म्हाइंभटांनी लीळा एकत्र केल्या. त्यांनी काय केले ते बारकाईने पाहावे. आचार्यांपाशी बसून त्यांनी लीळा लिहून घेतल्या. आचार्य जेथे उपस्थित नव्हते त्या लीळांसाठी ज्यांनी त्या पाहिल्या त्यांच्याकडे ते स्वतः गेले आणि त्यांच्या तोंडून त्या ऐकल्या. जेथे दोघांच्या सांगण्यात अंतर पडले तेथे एकाचे खरे धरून दुसऱ्याचे पुसून टाकले नाही. कोणाच्या स्मरणात काय आहे ते त्या त्या भक्ताच्या नावानिशी नोंदविले. म्हाइंभट हे स्वतः विद्वान होते. प्रसंग सुशोभित करणे अथवा मतभेद जुळवून टाकणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी ते केले नाही, कारण परमेश्वराच्या चरित्रात आपल्या कल्पनेची भर घालणे हा त्यांना अपराध वाटत होता. ज्यास आज विद्यापीठात साधनचिकित्सा म्हणतात, ती या ग्रंथात भक्तीपोटी जन्मास आली आहे.

पुढेही हाच क्रम दिसतो. परंपरा सांगते की, खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ प्रत गेली आणि मग ज्यांस पाठ होत्या त्यांच्या मुखातून लीळा पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. हिराइसांच्या स्मरणशक्तीचे स्मरण त्या निमित्ताने पंथ आजही करतो. त्यातून निरनिराळे पाठ झाले. पूर्वजांनी ते पाठ नावांनी ओळखले; त्यांतील भेद झाकले नाहीत. सूत्रपाठाविषयीही तसेच. केशिराजबासांनी वचने निवडून सूत्ररूपाने लावली, परंतु नुसते सूत्र अपुरे पडते हे जाणून पुढील भाष्यकारांनी ‘प्रकरणवश’ सिद्ध केले. अमुक वचन स्वामींनी कोठे, कोणास, कोणत्या निमित्ताने निरूपिले हे कळल्याखेरीज त्याचा अर्थ लावू नये, हा त्या ग्रंथाचा आग्रह आहे. संदर्भ तोडून वचनाचा अर्थ करू नये हे सांगण्यासाठी पंथास कोणत्याही विद्यापीठाची वाट पाहावी लागली नाही.

याचा अर्थ असा की, सत्य पाठाचा शोध हा बाहेरून आलेला उपद्रव नसून पंथाचा मूळचाच धर्म आहे. संशोधक तो शोध घेत असेल तर तो पंथाच्याच एका व्रताचा, कदाचित नकळत, वाटेकरी होतो. आणि ज्या वेळी त्याचा निष्कर्ष अप्रिय वाटेल त्या वेळी त्यास विचारावयाचा प्रश्नही म्हाइंभटांनीच घालून दिलेला आहे: हे कोणी सांगितले? कोणत्या पोथीत आहे? ती पोथी कोणत्या परंपरेची, किती जुनी? इतर पोथ्या यास दुजोरा देतात काय? १९७८ च्या आवृत्तीविषयीचे जे आक्षेप या प्रश्नांवर उभे होते ते बळकट होते आणि त्यांना उत्तर देणे कोणत्याही संपादकाचे कर्तव्यच होते. जे आक्षेप केवळ ‘भावना दुखावली’ एवढ्यावर उभे होते, ते दुःख खरे असूनही, ग्रंथनिर्णयास पुरेसे नव्हते. दुःखाने दुःख कळते; त्याने पाठाचा निर्णय होत नाही.

तीन रक्षणे

येथे पूर्वपक्षाची एक शंका शिल्लक राहते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. संशोधकास पोथी दिली, त्याने ती शुद्ध छापली, सन्मानाने छापली, तरी शास्त्र राहिले काय? या शंकेचे उत्तर देताना तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत: अक्षराचे रक्षण, अर्थाचे रक्षण आणि आचाराचे रक्षण.

अक्षराचे रक्षण म्हणजे पोथी वाळवीपासून, ओलाव्यापासून आणि विसरापासून वाचविणे, तिची प्रत करणे, पाठभेद नोंदविणे. हे कार्य श्रद्धावान करील तसे श्रद्धाहीनही करू शकेल. प्रामाणिकपणा आणि चिकाटी एवढीच त्यास अट आहे. जी पोथी कोणी उघडत नाही आणि जिची लिपी मठातील तरुणांस वाचता येत नाही, ती रुमालात बांधून नित्य नमस्कारिली तरी तिचे रक्षण झाले असे होत नाही. अक्षराच्या बाबतीत विद्यापीठाचे साहाय्य नाकारणे म्हणजे अभिमानापायी ठेव बुडविणे होय.

अर्थाचे रक्षण दोघांनी मिळून करावयाचे आहे. एक उदाहरण घ्यावे. ‘बिजे करणे’ अथवा ‘आरोगणा’ हे शब्द कोशात सापडतात. तुळपुळे आणि फेल्डहाऊस यांचा प्राचीन मराठीचा कोश १९९९ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून अशा शब्दांचा शोध फार सुकर झाला आहे. कोश सांगेल की बिजे करणे म्हणजे जाणे अथवा येणे, आरोगणा म्हणजे भोजन, आणि प्रयोग आदरार्थी. हे बरोबरच आहे. परंतु मठात वाढलेल्या बालकाने हे शब्द केवळ परमेश्वराच्याच संबंधात ऐकलेले असतात. ते ऐकताच मूर्ती डोळ्यांपुढे येते, आणि स्वतःच्या जेवणास तो चुकूनही आरोगणा म्हणत नाही. शब्दाची ही मर्यादा कोशात न मावणारी आहे. उलट, मठातील निरूपणकारास एखाद्या जुन्या रूपाचा अर्थ परंपरेने विपरीत आलेला असू शकतो आणि तो शिलालेखांच्या व समकालीन गद्याच्या आधारे संशोधक दुरुस्त करू शकतो. स्थानपोथीचेही असेच आहे. देऊळ कोणत्या दिशेस, द्वार कोणीकडे, स्वामी कोठे आसनस्थ झाले, हे तीत टिपलेले आहे. इतिहासकारास त्यावरून यादवकालीन गावाची रचना कळते. भक्त त्याच वाक्यावरून नेमक्या ओट्यापाशी जाऊन दंडवत घालतो. दिशेचा एक शब्द चुकला तर इतिहासकाराचा नकाशा चुकतो आणि भक्ताचा नमस्कारही चुकतो. दोघांचे हित येथे एकच आहे.

आचाराचे रक्षण मात्र कोणाकडे सोपविता येत नाही. नित्याटन, भिक्षा, एकांत, स्मरण, अहिंसा यांचे वर्णन लिहून ठेवता येईल, त्यांच्या प्रतिमा घेता येतील, त्यांवर प्रबंध होईल. परंतु ज्या दिवशी ते करणारा उरणार नाही त्या दिवशी ते वर्णन म्हणजे एका गेलेल्या गोष्टीचे वृत्त होईल.

‘वारसा’ या शब्दाचा विचार

विद्यापीठांतून पंथाच्या ग्रंथांविषयी बोलताना ‘वारसा’ हा शब्द आदराने वापरला जातो. हेतू चांगला आहे, तरी शब्द तपासून घेण्यासारखा आहे. मराठीत वारसा मिळतो तो बहुधा कोणी गेल्यावर. बाप जिवंत असताना मुले वारसाहक्काची नोंद करीत नाहीत. शास्त्राचे येणे तसे नाही. ते जिवंत अधिकरणाकडून जिवंत शिष्याकडे येते. देणाऱ्याचे देऊन संपत नाही आणि घेणाऱ्यास ते आचरल्यावाचून आपले म्हणता येत नाही. म्हणून पंथाच्या दृष्टीने शास्त्र ही परंपरा आहे. परंपरा जिवंत असताना तिला वारसा म्हणण्यात अजाणता तिच्या मृत्यूची घाई होते.

ही केवळ शब्दाची चिकित्सा नव्हे. ज्या गद्यामुळे मराठीचे प्राचीनत्व सिद्ध करण्यास एवढे साहाय्य झाले, ते गद्य सातशे वर्षे टिकले कशामुळे? मराठीचा इतिहास लिहिता यावा म्हणून कोणी ते नकलले नाही. भिक्षा मागून आणलेल्या अन्नावर राहणाऱ्या साधूंनी आणि तपस्विनींनी ते स्मरणासाठी नकलले. पंजाबात ज्यांस जयकृष्णी म्हणत त्या उपदेशी मंडळींच्या देशापर्यंत पंथाबरोबर मराठी पोथी गेली. तेथे मराठी ही बोलण्याची भाषा नव्हती, धर्मभाषा म्हणून ती जपली गेली. भाषेचे हे रक्षण भक्तीच्या ओघात घडले. ज्या कारणाने ते घडले ते कारणच नाहीसे झाले, तर विद्यापीठाच्या हाती अवशेष राहतील. आणि त्याची जबाबदारी विद्यापीठावर येणार नाही, पंथावर येईल.

कर्तव्यनिर्णय

यावरून दोन्ही पक्षांची कर्तव्ये स्पष्ट होतात. संशोधकाने पोथी कोणत्या मठाची हे सांगावे, तिची प्रत मठास द्यावी आणि मूळ पोथी वेळेवर परत करावी. नेलेली पोथी परत आली नाही ही तक्रार मठांतून आजही ऐकू येते आणि एका माणसाच्या हयगयीने दहा प्रामाणिक अभ्यासकांची वाट बंद होते. जे त्याने केवळ अनुमानिले ते सिद्ध म्हणून सांगू नये. त्याने श्रद्धा धरलीच पाहिजे असा आग्रह पंथाने करू नये. परंतु समोरचा ज्यास परमेश्वर म्हणतो त्याचे चरित्र आपण हाताळीत आहोत, ही जाणीव सभ्यतेतच मोडते.

महंतांनी बासन सोडावे. परंतु पोथी देऊन मोकळे होऊ नये. अभ्यासकाबरोबर बसावे, त्यास प्रकरण सांगावे, परंपरेचा अर्थ सांगावे, त्याचा आक्षेप ऐकावा. पोथीबरोबर परंपरेचा जाणता मनुष्य मिळाला नाही तर अभ्यासक एकाकी अर्थ लावील, आणि मग त्या अर्थाबद्दल त्यास दोष देणे हा अर्धा न्याय होईल.

विद्यापीठात जाणाऱ्या तरुण साधकाचे दायित्व सर्वांहून कठीण आहे. तेथे त्यास शास्त्र हा परीक्षेचा विषय म्हणून भेटेल. शाब्दज्ञान वाढेल, त्यास मान मिळेल. शंभर पाठभेद मुखोद्गत असूनही दिवसाचे स्मरण चुकले, तर त्याचे ज्ञान पूर्वपक्षाने ज्याची भीती घातली त्याच जातीचे होईल. उलट, आचार निष्ठेने पाळणाऱ्याने ‘मला वाचनाचे काय प्रयोजन’ असे म्हणून सकळ लिपीही शिकू नये, हेही आचार्यांच्या शिष्यास शोभणारे नाही. एकाच साधकाच्या ठायी दोन्ही असावे, हे म्हाइंभटांच्या उदाहरणाने सिद्ध आहे: शोध घेताना त्यांनी भक्ती बाजूस ठेवली नाही आणि भक्ती करताना शोध सोडला नाही.

राहिला मूळ प्रश्न. ज्याने उपदेश घेतला नाही त्याच्या हाती पोथी द्यावी काय? द्यावी. पोथी देण्याने अधिकार दिला जात नाही, कारण अधिकार पोथीत नसतोच. आणि पोथी लपविण्याने अधिकार वाढतही नाही. अक्षर सर्वांसाठी मोकळे करावे, अर्थ संवादाने जपावा, आणि आचाराचा भार ज्याने अनुसरण स्वीकारले त्याने स्वतःच्या खांद्यावर घ्यावा. ऋद्धिपुरी येणारा अभ्यासक ग्रंथालयात लीळा वाचील आणि बाहेर येऊन त्या लीळेचे स्मरण करणारा साधक त्यास दिसेल, तर वाचलेल्या शब्दाचा अर्थ त्यास अधिक कळेल. तो साधक तेथे दिसावा, एवढी व्यवस्था करणे मात्र पंथाच्याच हाती आहे.

इत्यलम्।